पुन्हा केव्हा?

काही प्रश्न इतके साधे असतात की ते प्रश्न आहेत हेच आपल्या ध्यानात येत नाही. 'पुन्हा केव्हा?' हा त्यांपैकी एक. पाहुणा उंबऱ्याबाहेर पाऊल टाकतो तेव्हा आपण तो त्याला विचारतो. दवाखान्यातून निघताना डॉक्टरांना विचारतो. आणि पुष्कळदा उत्तर ऐकायच्या आत दाराकडे वळलेलेही असतो. पण थोडा विचार केला तर असे दिसेल की, ज्यांना आपण कर्तव्ये म्हणतो त्यांतली एकदा करून संपणारी फार थोडी. कर्ज एकदा फेडले की फिटते. आईची विचारपूस एकदा करून फिटत नाही. मुलाला एकदा समज देऊन भागत नाही, मित्राची एकदा आठवण काढून पुरत नाही, झाडाला एकदाच पाणी घालून चालत नाही. ही सारी पुन्हा पुन्हा करावयाची कामे. मग अशा कामाच्या बाबतीत 'काय करावे' हा प्रश्न जितका नीतीचा आहे, तितकाच 'पुन्हा केव्हा करावे' हाही नीतीचा नाही काय? आपण मात्र पहिला प्रश्न विवेकापुढे ठेवतो आणि दुसरा भिंतीवरच्या कॅलेंडरला विचारून मोकळे होतो.

मीही असाच मोकळा झालेला माणूस होतो. माझे गणित मॅट्रिकपाशी थांबले. पुढे कादंबऱ्या लिहिल्या आणि मुलांना मराठी शिकवले. तेव्हा संगणकाच्या शास्त्रातून मला नीतीचा काही धडा मिळेल असे कुणी सांगितले असते, तर मी हसलो असतो. पण गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. पुण्याला हिंजवडीत तो संगणकाचे प्रोग्राम लिहिण्याचे काम करतो. फराळाची बशी पुढे असताना मी सहज विचारले, "सध्या काय चाललंय रे?" तो म्हणाला, "सर, एकच प्रश्न चाललाय दोन महिने. पुन्हा केव्हा?"

त्याचे काम असे होते. गावोगावच्या पाण्याच्या टाक्यांवर एकेक लहानसे यंत्र बसवलेले. पुण्यातल्या संगणकाने त्या यंत्राला अधूनमधून विचारायचे, 'पाणी किती?' यंत्राने पातळी सांगायची. काम एवढेच. पण यंत्र चालते बॅटरीवर, आणि प्रत्येक उत्तराला थोडी वीज खर्ची पडते. घडोघडी विचारावे, तर बॅटरी लवकर संपते. तासातासाने विचारावे, तर मधल्या वेळात टाकी भरून वाहून जाते, किंवा तळ गाठते आणि खाली बायका रिकाम्या नळापाशी उभ्या राहतात. "काय विचारायचं ते दोन ओळींत लिहून झालं, सर," तो म्हणाला. "केव्हा विचारायचं, तेच लिहून होत नाही."

मी म्हटले, "त्यात काय? दर अमुक मिनिटांनी असे लिहून टाकावे. तुमच्या यंत्राला वेळापत्रक असेलच की."

वेळापत्रक असते. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत युनिक्स नावाची संगणकप्रणाली घडली. तिच्यात 'क्रॉन' नावाचा एक पहारेकरी आहे. त्याच्यापुढे एक तक्ता असतो. तक्त्यात पाच रकाने : मिनिट, तास, महिन्याची तारीख, महिना आणि वार. पहारेकरी मिनिटामिनिटाला तक्ता पाहतो आणि ज्या कामाची वेळ जुळली ते काम सुरू करून देतो. जगातल्या असंख्य संगणकांवर रोजची बिनबोभाट कामे आजही याच पद्धतीने चालतात. पण या पहारेकऱ्याची एक गंमत माझ्या विद्यार्थ्याने सांगितली, ती मास्तर या नात्याने मला फार आवडली. त्याच्या मिनिटांच्या रकान्यात 'दर ४५ मिनिटांनी' असे लिहिले, तर तो प्रत्येक तासाच्या शून्याव्या आणि पंचेचाळिसाव्या मिनिटाला काम करतो, कारण तास पालटला की त्याची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. म्हणजे एक अंतर ४५ मिनिटांचे आणि लगेच पुढचे १५ मिनिटांचे! आमच्या शाळेच्या शिपायाने अशी घंटा मारली असती, तर एका तासाला भूगोल पाऊण तास झाला असता आणि दुसऱ्या तासाला मराठी पंधरा मिनिटांत आटोपले असते. वेळापत्रकाला वेळ कळते, अंतर कळत नाही. घड्याळाचा काटा कुठे आहे एवढेच ते पाहते. मागचे काम होऊन किती काळ लोटला आणि त्या काळात काय काय घडून गेले, हे त्याच्या गावीही नसते.

म्हणून त्या मुलाने दुसरी रीत धरली. तक्ताच काढून टाकला. प्रत्येक वेळी काम संपताना त्या कामानेच ठरवायचे, की आता पुन्हा केव्हा. आणि तेवढा एकच गजर लावून झोपी जायचे. टाकी झपाट्याने भरत असेल, तर दोन मिनिटांनी. पातळी होती तशीच असेल, तर पाचाची दहा, दहाची वीस, विसाची चाळीस मिनिटे. पुन्हा पाणी हलले, की पुन्हा दोन मिनिटे. "ज्याला विचारायचं त्याची अवस्था पाहून पुढची वेळ ठरते, सर. भिंतीवरचं घड्याळ पाहून नाही."

आमच्या वडीलधाऱ्यांना ही गोष्ट अगदीच ठाऊक नव्हती असे नाही. ज्या सणासाठी हा अंक आपल्या हाती आहे, तो दर ३६५ दिवसांनी येत नाही. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी पुरी होते. आणि चंद्राची चाल एकसारखी नसल्यामुळे ती कधी १९-२० तासांत आटोपते, तर कधी २६ तासांपर्यंत लांबते. एखाद्या तिथीच्या वाट्याला सूर्योदयच येत नाही, एखादीच्या वाट्याला दोन येतात. पंचांगकर्त्यांनी आकाशाला घड्याळात कोंबले नाही. आकाश जसे चालते तशी आपली मोजणी वाकवली, आणि फार अंतर पडू लागले की अधिक महिना घालून पुन्हा ऋतूंशी जुळवून घेतले. २०२३ साली श्रावण दोनदा आला तो यामुळेच. डॉक्टरांचेही पाहा. गरोदर बाईला तपासण्याची पूर्वापार पद्धत अशी, की सातवा महिना होईतो महिन्याने एकदा, मग पंधरवड्याने आणि शेवटच्या महिन्यात आठवड्याला. जसजशी घटका जवळ येते तसतसे अंतर आखडते. काम तेच, पण 'पुन्हा केव्हा' याचे उत्तर दर वेळी निराळे.

हे सारे मी ऐकत होतो, मान डोलावत होतो, आणि मनात मात्र दुसरेच काही चालले होते.

माझी आई राजापूरकडच्या आमच्या गावी एकटी राहते. मी नोकरीसाठी घाटावर. तिला घर सोडवत नाही आणि मला नोकरी. म्हणून कैक वर्षांपूर्वी मी एक नेम केला : दर रविवारी रात्री आठ वाजता तिला फोन करायचा. हा नेम मी चुकवला नाही. पाहुणे असोत, लग्नकार्य असो, पेपर तपासायचे असोत, आठाच्या ठोक्याला मी फोन लावीत असे. शेजारी-पाजारी कौतुक करीत. मलाही त्या नेमाचा अभिमान होता. आता वाटते, आईपेक्षा नेमाचाच थोडा अधिक होता.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात एका बुधवारी सकाळी आई परसात शेवाळावरून घसरली. उजव्या मनगटावर पडली. तिने हळदीचा लेप लावला, फडक्याने हात बांधला आणि डाव्या हाताने स्वयंपाक करू लागली. रविवारी रात्री आठ वाजता मी फोन केला. पावसाची, गाईची, शेजारच्या लग्नाची चौकशी झाली. फोन ठेवायच्या वेळी ती म्हणाली, "जरा हाताला लागलंय."

"केव्हा?"

"झाले चार दिवस."

"अगं, मग फोन का नाही केलास?"

"रविवारी बोलणारच होतो की आपण. मध्येच कशाला तुझ्या जिवाला घोर?"

मनगट बसले, पण किंचित वाकडे बसले. उशिरामुळेच तसे झाले की काय, ते मला ठाऊक नाही. मात्र ती पोळी लाटू लागली की त्या हाडाकडे माझी नजर जाते आणि मी बुधवार ते रविवार असे बोटांवर मोजतो.

या प्रसंगात चूक कोणाची? माझा नेम तर मी पाळला होता. नीतीच्या कुठल्याही हिशेबवहीत माझ्या नावावर थकबाकी नव्हती. आणि तरीही माझ्या नेमानेच आईला चार दिवस गप्प बसवले होते. 'रविवारी येतोच आहे फोन' हा दिलासा होता खरा. पण रविवारखेरीज इतर दिवशी बोलायचे नाही, असा एक अलिखित कायदाही त्याच फोनने आमच्या घरात करून ठेवला होता. संगणकाच्या जगात, तो मुलगा सांगत होता, विचारपुशीच्या दोन तऱ्हा असतात. एकीत मालक फिरून फिरून विचारतो, 'काही आहे का?', दुसरीत ज्याला काही सांगायचे आहे तो आपणच घंटा वाजवतो. दुसरी तऱ्हा स्वस्त. पण ती त्यांच्यासाठीच, जे घंटा वाजवतात. वर्गात शंका विचारायला हात वर करणारा मुलगा कधी मागे पडत नाही. जो हात वर करत नाही, त्याच्या बाकापाशी मास्तरांनाच जावे लागते. आणि जगातल्या बहुतेक आया त्या दुसऱ्या मुलासारख्या असतात.

एवढ्यावरून मी एक निष्कर्ष काढला, आणि तोही चुकीचा निघाला. मी रविवारचा नेम मोडून टाकला. म्हटले, घड्याळाची गुलामगिरी पुरे. गरज पाहून फोन करू. हात प्लास्टरमध्ये होता तोवर रोज सकाळ-संध्याकाळ केला. प्लास्टर निघाले, आई म्हणाली, "बरं आहे रे," तेव्हा एक दिवसाआड. मग चार दिवसांनी, मग आठ. दर वेळी ती 'बरं आहे' म्हणे आणि दर वेळी माझे अंतर वाढे. परीक्षांचे दिवस आले. एके रात्री सहज हिशेब केला, तो शेवटच्या फोनला १९ दिवस झालेले! मला रविवारची आठवण झाली. त्या गुलामगिरीत निदान आठवड्याला एकदा आईचा आवाज कानी पडत होता.

हे मी माझ्या विद्यार्थ्याला सांगितले. नको सांगायला होते कदाचित. पण मास्तरालाही कधी कधी वही दाखवावीशी वाटते. तो क्षणभर थांबला आणि हळूच म्हणाला, "सर, तुम्ही कमाल मर्यादा घातली नाहीत."

म्हणजे काय, ते त्याने मग समजावले. १९७३ साली कॅलिफोर्नियात झेरॉक्सच्या संशोधनकेंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी अनेक संगणक एकाच तारेला जोडण्याची एक पद्धत सुचवली. पुढे डेव्हिड बॉग्ज यांच्या साथीने ती सिद्ध झाली. ती ईथरनेट या नावाने प्रसिद्ध आहे. एकाच तारेवर दोघे एकदम बोलले, तर दोघांचेही बोलणे फुकट जाते. मग दोघांनीही गप्प बसायचे आणि पुन्हा प्रयत्न करायचा. पण केव्हा? दोघेही ठरावीक वेळाने बोलू लागले तर पुन्हा टक्कर ठरलेलीच. म्हणून प्रत्येकाने थांबण्याचा काळ चिठ्ठी टाकल्यासारखा निवडायचा. आणि पुन्हा टक्कर झाली, तर ज्या मर्यादेत ती चिठ्ठी टाकायची ती मर्यादा दुप्पट करायची. मात्र ही दुप्पट दहा वेळाच. त्यापुढे मर्यादा वाढत नाही. आणि सोळा प्रयत्न फसले, तर यंत्र गप्प राहत नाही, आपण हरलो असे वर कळवते. थांबायला शिकवणाऱ्यांनी 'किती थांबायचे' याचे कुंपणही त्याच वेळी घातले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटली.

वाढते अंतर ही वाईट गोष्ट आहे, असे मात्र यावरून कुणी समजू नये. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेपासून बर्कलीच्या विद्यापीठापर्यंतची संगणकाची वाट एकाएकी तुंबली. अंतर अवघे ४०० यार्ड. एरवी सेकंदाला ३२,००० अंश वाहून नेणारी ती वाट ४० अंशांवर आली. कारण असे, की उत्तर येत नाही असे पाहून प्रत्येक यंत्र तेच निरोप पुन्हा पुन्हा पाठवत होते, आणि त्या पुनरुक्तीनेच वाट अधिक तुंबत होती. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ साली त्यावरचे जे उपाय मांडले, त्यांत वाट तुंबल्याची चाहूल लागताच हात आखडता घेणे आणि उत्तर न आल्यास दर वेळी अधिक काळ थांबणे हे मुख्य होते. संसारात याची उदाहरणे हवीत काय? रुसलेल्या भावाला दिवसातून दहादा 'बोल, बोल' म्हणणारा भाऊ त्याचा अबोला मोडत नाही, लांबवतो. मुलगा परगावी शिकायला गेला. पहिल्या आठवड्यात रोज फोन करणारी आई दुसऱ्या महिन्यात आठवड्याला एकदाच करते, यात तिची माया आटलेली नसते, त्याच्यावरचा विश्वास वाढलेला असतो. अंतर वाढू देणे हा एक प्रकारचा मान आहे.

आम्हा मास्तरांना तर हे नित्याचे. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवले, की पाठ केलेले माणूस प्रथम झपाट्याने आणि मग हळूहळू विसरतो. त्याच धाग्यावर पोलंडमधल्या प्योत्र वोझ्नियाक नावाच्या एका विद्यार्थ्याने १९८७ साली उजळणीचा एक संगणकी प्रोग्राम केला. त्यात शब्द आला तर दुसरी विचारणा एका दिवसाने, तिसरी सहा दिवसांनी, मग सुमारे पंधरा, मग अडतीस अशी लांबत जाते. अडला, तर पुन्हा एका दिवसापासून आरंभ. पाढे रोज म्हणून घेणाऱ्या माझ्या जुन्या गुरुजींना हे पटले नसते; पण जे पक्के आले ते रोज विचारणे हा मुलाचा वेळ घालवणे आहे आणि जे कच्चे आहे ते महिन्याने विचारणे हा मुलाचा घात आहे, हे त्यांनाही नाकारता आले नसते.

मग माझे चुकले कुठे? दोन ठिकाणी. पहिले, कुंपण नव्हते. दुसरे अधिक खोल आहे. टाकीवरचे यंत्र पातळी सांगते ती खरी सांगते. आई 'बरं आहे' म्हणते, ते मोजमाप नव्हे; ते मायेचे बोलणे आहे. ते ऐकून मी अंतर वाढवीत गेलो, म्हणजे तिने मला जी सवलत दिली ती मी पुरावा म्हणून वापरली. शिवाय खरे बोलायचे तर, अंतर वाढवताना मी तिची अवस्था पाहत होतो की माझी सवड? 'तिला बरे आहे' आणि 'मला वेळ नाही' ही दोन वाक्ये त्या वसंतात इतकी एकजीव झाली होती, की कुठले कुठे संपते ते माझे मलाच कळत नव्हते. बदलत्या अंतरातला मोठा धोका हाच. अंतर ठरवणारा आणि अंतराने सुखावणारा एकच असला, की न्यायाधीशच वादी होऊन बसतो.

येथे घड्याळाचा कैवार घेणारे वाचक मला अडवतील. ते म्हणतील, म्हणूनच नेम हवा, आणि नेम म्हणजे ठरलेली वेळ. ३० जानेवारी १९४८ च्या संध्याकाळी सरदार पटेलांशी चाललेले बोलणे लांबले आणि गांधीजींना प्रार्थनेला दहाएक मिनिटे उशीर झाला. त्या उशिराने ते नाराज झाले होते. बोलणे काही क्षुल्लक नव्हते. तरी वेळ चुकली याची टोचणी त्यांना लागली. हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण प्रार्थनेच्या मैदानावर शेकडो माणसे वाट पाहत उभी होती, हे विसरता कामा नये. जेथे अनेकांनी एकत्र यायचे असते तेथे ठरलेली वेळ हा एकमेकांना दिलेला शब्द असतो. शाळेची घंटा, आगगाडी, सभा, आषाढीची वारी, ही सारी अशी. वारकरी आपापल्या सवडीने निघाले, तर वारी राहणार नाही, वाटसरू राहतील. संगणकवाल्यांनीही हा भेद ओळखला आहे. जावा नावाच्या त्यांच्या एका भाषेत पुनरावृत्तीच्या दोन आज्ञा निरनिराळ्या आहेत. एकीत एखादी खेप लांबली तरी पुढची मूळ वेळापत्रकाप्रमाणेच होते, आणि तासाचे टोल देण्यासारख्या कामाला तीच योग्य. दुसरीत मागची खेप प्रत्यक्षात जेव्हा झाली तेथून पुढचे अंतर मोजतात. पहिली घंटेची, दुसरी माणसाची. अनेकांच्या कामात घड्याळ पाहावे. एकाच्या कामात त्या एकाचे तोंड पाहावे. मी आईला घंटा समजून वागवले, हा माझा पहिला अपराध. आणि घंटा सोडली तेव्हा तोंड पाहायचे विसरलो, हा दुसरा.

आणखी एक प्रश्न उरतो : चुकलेल्या खेपांचे काय? त्या पहिल्या आज्ञेत यंत्र मागे पडले, तर बुडालेल्या खेपा एकापाठोपाठ एक धडाधड उरकून वेळापत्रक गाठते. आपणही कधी असेच करतो. वर्षभर न विचारलेल्या मावशीकडे एकदम साडी, मिठाई आणि चार तासांची बैठक घेऊन जातो, आणि सारी बाकी चुकती केल्याच्या समाधानात परततो. पण बारा महिन्यांच्या भेटी एका दुपारी देता येत नाहीत. मावशीला ती देणगी वाटते, भेट वाटत नाही. युनिक्सच्या घराण्यात क्रॉनचा एक भाऊबंद आहे, अॅनाक्रॉन. संगणक मधले काही दिवस बंदच असेल, हे तो धरून चालतो. यंत्र सुरू झाले की तो शेवटची तारीख पाहतो. मुदत उलटून गेली असेल तर काम करतो, एकदाच करतो, आजची तारीख लिहितो आणि पुढचे अंतर आजपासून मोजतो. दहा दिवस बुडाले म्हणून दहादा करीत नाही, आणि बुडालेच आहे तर राहू द्या असेही म्हणत नाही. पश्चात्तापाची याहून शहाणी रीत मला सुचत नाही. १९ दिवसांनी मी फोन लावला तेव्हा मला हे ठाऊक नव्हते. मी तासभर क्षमा मागत बसलो आणि आईलाच माझी समजूत घालावी लागली.

या साऱ्यातून मी एवढेच शिकलो. नेम म्हणजे दोन खेपांमधले अंतर नव्हे. नेम म्हणजे त्या अंतराचे कुंपण आहे. 'दर रविवारी' असा नेम करू नये. 'सात दिवसांपलीकडे कदापि नाही' असा करावा. कुंपणाच्या आत समोरच्या माणसाच्या अवस्थेप्रमाणे उद्याही जावे, तासाभरानेही जावे. कुंपणाबाहेर मात्र कुठल्याही सबबीवर जाऊ नये. विशेषतः 'तो बरा आहे' या सबबीवर, कारण ती आपणच आपल्याला सांगितलेली असते.

तरीही एक शंका मनातून जात नाही, आणि ती लपवून ठेवणे बरे नव्हे. खऱ्या मायेला कुंपण कशाला? ज्याला आईची आठवण होण्यासाठी सात दिवसांची अट लागते, त्याची माया ती काय? या प्रश्नाने मी पुष्कळ दिवस अस्वस्थ होतो. आता मला वाटते, की माया खरी असली तरी ती चोवीस तास जागी नसते. तिला परीक्षा असतात, आजारपण असते, रुसवे असतात, अर्धी लिहिलेली कादंबरी असते. ज्या दिवशी ती जागी असते त्या दिवशी तिला नेमाची गरजच नसते. ती झोपी गेलेली असेल, त्या दिवसासाठी नेम असतो. तो मायेची जागा घेत नाही. ती जागी होईतो दुसऱ्याचे नुकसान होऊ नये एवढे पाहतो. आणि हा नेम मी माझ्या समाधानासाठी पाळत नाही, तिच्या मनगटासाठी पाळतो, याचे भान राहिले म्हणजे त्याचा अभिमान वाटत नाही.

आता फोन ठेवण्यापूर्वी मी आईला विचारतो, "पुन्हा केव्हा करू?"

पहिल्या पहिल्यांदा ती म्हणे, "तुला सवड होईल तेव्हा." मी म्हणे, "सवडीचं सोड, दिवस सांग." तिला ते चमत्कारिक वाटे. मग हळूहळू ती सांगू लागली. परवा फोन ठेवताना नेहमीप्रमाणे विचारले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "उद्याच कर. सकाळी जरा चक्कर आल्यासारखं झालं होतं."

दुसऱ्या दिवशी मी फोन केला नाही. रजा टाकून पहाटेच्या एस. टी. ने गावी गेलो.

हा लेख तिच्या ओटीवर बसून लिहितो आहे. रक्तदाब वाढला होता. तालुक्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आहेत. निघताना मी त्यांना विचारले, "पुन्हा केव्हा?" ते म्हणाले, "आठ दिवसांनी. उतरला तर मग महिन्याने." आणि या खेपेस मी दाराकडे न वळता उत्तर पुरते ऐकले.